रोजचा तांब्या

रईसने रेडिएटरखालची तोटी सोडली आणि बादलीत पडणाऱ्या धारेखाली सवयीने हात धरला. पाणी कोमट होते.

त्याने हात काढून पँटला पुसला आणि पुन्हा धारेखाली धरला. दिवाळी नुकतीच झाली होती. तलवाड्यात सकाळच्या वेळी अंगावर काही घेतल्याशिवाय बसवत नव्हते. ट्रक पश्चिमेकडे तोंड करून घराच्या भिंतीलगत उभा होता आणि तिथे दुपार कलेपर्यंत ऊन पोचत नसे.

“तात्या, सकाळी गाडी चालू केलती का कुनी?” त्याने खालूनच विचारले.

बाजेवर बसलेले सुंदरराव हसले. “कशानं करतो चालू? ब्याटरी घेऊन आमचा धाकला राम गेलाय बीडाला. त्याच्या आधी बी ती वर्षभर मेलेलीच होती. का रं?”

“काही न्हाई. असंच.”

रईस बाहेर आला. बीडला बायपासजवळ त्याच्या वडिलांचे, इसाकभाईंचे, रेडिएटरचे दुकान होते. बीएस्सी झाल्यावर रईसने काही वर्षे एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवले. मग वडिलांची नजर गेली तेव्हा तो दुकानात आला. शिकवताना लागलेली एक सवय मात्र सुटली नव्हती. एखाद्या गोष्टीचे नवल वाटले, की तो आधी सोपी कारणे एकेक करून तपासून बाजूला काढी. त्याने इंजिनावर तळहात ठेवला. इंजिन गार होते. वरच्या रबरी पाइपवरून हात फिरवला. इंजिनाकडचे टोक गार, रेडिएटरकडचे कोमट. उष्णता इंजिनातून रेडिएटरकडे येते. ही तिकडून आलेली दिसत नव्हती.

बॉनेटच्या पुढच्या कडेवर, बरोबर रेडिएटरच्या वर, एक करडी मांजर पाय पोटाशी घेऊन झोपली होती.

“ती तिथंच असती,” सुंदरराव म्हणाले. “थंडी पडली की दुसरीकडं जातच न्हाई. हाकल तिला.”

हाकलावे लागले नाही. तोटीची धार बारीक होत थांबली तशी मांजर उठली, तिने अंग ताणले आणि उतरून निघून गेली.

“राम नेनार म्हना गाडी औंदा,” रईस बोल्टला पाना लावत म्हणाला.

“टोळी ठरलीय. मुकादमाचा रोज फोन. बाया, लेकरं, भांडीकुंडी, समदं हिच्यातच जानार कारखान्यावर. म्हनून म्हनलं आधी रेडिएटर बघून घ्यावं.” सुंदररावांनी घसा साफ केला. “मागल्या खेपंला त्यानंच दगा दिला न्हवं.”

रईसला ते माहीत होते. गेल्या हंगामात सुंदररावांचा थोरला मुलगा तानाजी ऊसतोडीची टोळी कारखान्यावर सोडून रिकामी गाडी घेऊन परत निघाला होता. घाटात गाडी तापली. त्याने बायकोला फोन केला, की पाणी संपलंय, कुठं मिळतंय का बघतो. मग तो कॅन घेऊन उतरला. दुसऱ्या दिवशी आधी कॅन सापडला आणि मग खाली दरीत तो. ओळखीच्या ड्रायव्हरने गाडी घरी आणून भिंतीला लावली. त्या दिवसापासून ती हलली नव्हती.

सुंदररावांनी विषय बदलला. “तू येवढा शिकून रेडिएटर धुतोस. आन् आमचा राम धाव्वीला तीनदा बसून गाडी चालवनार. मास्तरनी दोघांला बी एकाच रस्त्याला लावलं की बे!”

“मास्तर मीच होतो तात्या. मला कोन लावनार?”

दोघे हसत होते तेवढ्यात घरातून सत्यशीला आली. तानाजीची बायको. तिच्या हातात पितळी तांब्या होता आणि त्याच्या तोंडावर तिने तळहात धरला होता. बादलीजवळ येऊन ती थांबली.

“सांडलं व्हय समदं?”

“सोडलं वैनी. खोलायचंय न्हवं.”

ती बादलीतल्या पाण्याकडे पाहत राहिली. “आजचं घालायचं ऱ्हायलं,” ती म्हणाली.

रईसला कळेना. त्याने सुंदररावांकडे पाहिले. म्हातारा बाजेच्या सुंभाशी चाळा करू लागला. “लगीन झाल्यापासनं हाय तिचं. तानाजी कुठं बी निघाला की रेडिएटरात पयला तांब्या हिच्या हातचा. त्याशिवाय तो चावी फिरवायचा न्हाई.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “अजून बी रोज घालती. आमी काही म्हनत न्हाई.”

“रोज?” रईस सत्यशीलाकडे वळला. “आन् बसतंय?”

“बसतंय की. रोज सकाळी तांब्याभर खाली झालेलंच असतंय.”

रईस पुन्हा वाकला. ट्रकखालच्या धुळीत बारीक किड्यांनी केलेले उलट्या शंकूसारखे खळगे होते. असे खळगे कोरड्या, महिनोन्महिने न भिजलेल्या धुळीतच टिकतात. त्याने पाइपचे जोड पाहिले, तोटी पाहिली. पाणी गळून सुकल्यावर पांढरा डाग राहतो. तसा डाग कुठेही नव्हता.

“परत कधी बसंल?” सत्यशीलाने विचारले.

“दोन-तीन दिवस तर लागतेल. साफ करून बघायचं, न्हाईच झालं तर नवं.”

“आज न्हाई व्हायचं?”

“आज कावून? टोळी तर पुढल्या आठवड्यात—”

“टोळीचं न्हाई म्हनत मी.”

रईसला वाटले, आता ती ते पाणी तुळशीला घालील किंवा बादलीत ओतील. तिने दोन्ही केले नाही. तांब्याच्या तोंडावरचा हात न काढता ती तो पुन्हा आत घेऊन गेली.

*

दुकानात इसाकभाई हौदाशेजारी स्टुलावर बसले होते. नजर गेली तरी हौदाचे काम त्यांनी सोडले नव्हते. रईसने रेडिएटरची तोंडे बंद करून आत हवा भरली आणि तो हौदात बुडवला. इसाकभाई पाण्यात हात घालून त्याच्या कडेकडेने बोटे फिरवू लागले. जिथे गळती असते तिथून बुडबुडे येतात आणि ते त्यांच्या बोटांना कळत.

“तानाजी का है ना ये?” ते म्हणाले. खालच्या टाकीवरची कथलाची जुनी झाळ त्यांनी स्वतः मारलेली होती. “दिवाली के पैले आता था हर साल. दो चाय मंगाता. बोलता, एक मेरी, एक गाडी की. और दोनों खुदइच पीता.”

“लीक है क्या अब्बा?”

“नै. कहींच नै.”

रईसने रेडिएटर हौदातून काढला आणि तोंडे मोकळी करून टेबलावर घेतला. बर्नरने झाळ वितळवून वरची टाकी सोडवली. आत नळ्यांची तोंडे ओळीने दिसायला हवी होती. दिसला तो एक सलग पांढरा थर. बोअरच्या पाण्याचा क्षार प्रत्येक नळीत घट्ट बसला होता. त्याने पातळ सळई घालायचा प्रयत्न केला. ती बोटाच्या पेराइतकीही आत गेली नाही. मग त्याने मगभर पाणी वरून ओतले. पाणी थरावर पसरले आणि चारी कडांनी खाली येऊन त्याचे पाय भिजवून गेले. खालच्या तोटीतून थेंबही आला नाही.

“बंद?” इसाकभाईंनी आवाजावरून ओळखले.

“पूरा. एक नली चालू नै.”

“फिर नया डाल दे. ये नै खुलने का.”

“वो तो डालता मैं. लेकिन अब्बा, वो भाभी साल भर से रोज तांब्याभर पानी डालती इसमें. गाडी खडी है. लीक नै. नली बंद. तो पानी गया किधर?”

“भाप होके गया होंगा.”

“भाप होने को गरम होना पडता.”

इसाकभाईंनी हात पुढे करून रेडिएटर चाचपला. तळहात खालच्या टाकीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. “गरम तो है,” ते म्हणाले.

“अब्बी बर्नर लगाया मैं.”

“ऊपर लगाया ना तू?”

रईसने बर्नर बाजूला ठेवला. पितळ उष्णता चांगली वाहून नेते, त्याने स्वतःला सांगितले. हौदातून काढलेले ओले पितळ इतक्या लवकर खालपर्यंत तापेल का, हे मोजायला हवे होते. त्याने मोजले नाही. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर रेडिएटर ठेवला आणि हात धुतले.

दुपारी सत्यशीलाचा फोन आला. “बसलं का?”

“न्हाई वैनी. अजून नवं बघायचंय.”

“बरं.” फोन बंद झाला.

थोड्या वेळाने पुन्हा आला. रईस तेव्हा दुकानातलाच एक नवा रेडिएटर मापाला लावून पाहत होता. फोन त्याने मान वाकडी करून खांद्यात धरला.

“रईसभाऊ, एक विचारू का? पान्याबिगर गाडी किती चालती?”

हा प्रश्न रोज कुणी ना कुणी ड्रायव्हर विचारी. रईसने टेपवरून नजर न काढता उत्तर दिले. “सपाटीला चालंल थोडी. घाट असला तर न्हाई चालायची. काटा वर गेला की बाजूला लावायची, बॉनेट उघडायचं आन् थंड हुईस्तोवर थांबायचं.”

“आन् झाकन?”

“झाकन लगीच उघडायचंच न्हाई. तोंडावर वाफ येती.”

“ते न्हाई उघडायचे,” ती म्हणाली. “त्यांला कळतंय. थांबले असतेल.”

रईसच्या हातातली टेप सुटली आणि आवाज करत गुंडाळली गेली.

“पर थांबले की उतरतेल,” सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज सकाळइतकाच साधा होता. “पानी बघायला.”

त्याने फोन हातात घेतला. वैनी, ते गेले, असे म्हणता आले असते. ते तिला माहीतच होते; दहाव्याला रईस स्वतः गेला होता आणि ती भिंतीला टेकून बसलेली त्याने पाहिली होती. टेबलावर जुना रेडिएटर होता. त्याच्याखालच्या वर्तमानपत्राच्या कडा सुकून वर वळल्या होत्या. कागद मघाशी ओला होता. आता कुरकुरीत झाला होता.

“वैनी, मी आजच आनतो,” रईस म्हणाला. “दिवस मावळायच्या आत बसवतो.”

“हाव. या.”

*

दिवस मावळायच्या आत त्याने नवा रेडिएटर बसवला. राम बॅटरी घेऊन आलेला होता आणि जोडणीच्या कामात हात देत होता. तो तानाजीपेक्षा बराच लहान, बडबड्या होता. भावाच्या गाडीत बसायची वेळ आली म्हणून तो आज जरा जास्तच बोलत असावा.

“लई घाई केली बे तू,” तो म्हणाला. “मी म्हनलं दोन दिवस बीडातच पडतंय आता.”

“मी बी त्याला तेच इच्यारतोय,” सुंदरराव म्हणाले. “येवढी घाई कावून?”

“मोकळा होतो आज,” रईस म्हणाला.

सत्यशीला तांब्या घेऊन आली. तोच, सकाळचा. तळहात तोंडावर तसाच. तिने झाकण उघडायची वाट पाहिली आणि बारीक धारेने पाणी ओतले. मग राम बादल्या आणत गेला आणि रेडिएटर काठोकाठ भरला. इंजिन पहिल्या फेरीत खोकले, मग चालू झाले. काटा हळूहळू वर आला आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. रामने हॉर्न वाजवला. गल्लीतली पोरे धावत आली. सुंदररावांनी तोंडावर उपरणे धरले आणि बराच वेळ काढले नाही.

रईसने पाइप चाचपले. इंजिनाकडचे टोक गरम, रेडिएटरकडचेही गरम. सगळे जसे असायला हवे तसे होते. त्या गाडीत बायका-लेकरांनी बसायला आता हरकत नव्हती.

सत्यशीला मडगार्डवर हात ठेवून उभी होती. रईस निघताना ती फक्त म्हणाली, “जुनं कुठं हाय?”

“दुकानात. भंगारात जाईल आता. पार जाम झालतं ते.”

तिने मान हलवली.

*

सकाळी रईसने शटर वर केले आणि जुना रेडिएटर उचलून दाराशी ठेवला. त्या वारी भंगारवाल्याची फेरी असे. इसाकभाई आत स्टुलावर चहा पीत होते. रस्त्यापलीकडून भंगारवाल्याच्या गाड्याची घंटी ऐकू येऊ लागली होती तेवढ्यात फोन वाजला.

“रईसभाऊ, पानी घेत न्हाई ते.”

“कोन, वैनी?”

“नवं. तांब्या ओतला तर समदं वरून वाहून गेलं.”

“भरलेलंच हाय म्हनून. ते आता खाली व्हायचं न्हाई. तेच चांगलं.”

“मांजर बी न्हाई आली. भिताडावर बसलीय, उन्हात.”

रईस दारात उभा होता. त्याच्या पायाशी, उंबऱ्यालगत, रात्रीच्या दवाने फरशी ओलसर होती. जुन्या रेडिएटरच्या भोवती ती हातभर सुकलेली होती.

“मंग त्यांला कुठून मिळंल?” सत्यशीलाने विचारले. पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. “रातभर न्हाई मिळालं. उतरले तर पुन्हा तिकडंच जातेल. कठड्याकडं.”

घंटी जवळ आली. भंगारवाल्याने गाडा दुकानासमोर उभा केला आणि दाराशी ठेवलेल्या रेडिएटरकडे बोट दाखवत भुवया उंचावल्या. रईसने हात हलवून नाही म्हटले. भंगारवाला पुटपुटत पुढे गेला.

“वैनी, जुनं हितंच हाय. माज्याकडं,” रईस म्हणाला. “मी घालतो त्याच्यात.”

“रोज?”

“रोज.”

“निघायच्या आधी घालायचं असतंय. सकाळीच.”

“घालतो सकाळी.”

“आज?”

“आत्ताच घालतो.”

“मी फोन धरते,” ती म्हणाली.

असे ती म्हणेल हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. नळ सोडून नुसता आवाज ऐकवता आला असता. रईसने फोन खिशात उभा ठेवला, रेडिएटर दोन्ही हातांनी उचलून आत टेबलावर आणला. पोटाला लागला तिथे शर्टातून ऊब जाणवली. त्याने जुने वर्तमानपत्र काढून नवे कोरडे अंथरले. खालची तोटी उघडीच आहे याची खात्री केली. वरची टाकी काढलेली होती. पांढरा थर कालच्यासारखाच सलग दिसत होता. त्याने अंगठ्याने तो दाबून पाहिला. दगड.

इसाकभाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. न विचारता त्यांनी शेजारचा, नमाजाआधीच्या वजूसाठी भरून ठेवलेला लोटा चाचपून उचलला आणि आवाजाच्या दिशेने पुढे केला.

रईसने तो घेतला. पाणी कडांनी कुठे सांडेल त्याचा अंदाज घेऊन पाय मागे घेतले आणि बारीक धार धरली.

पाणी थरावर पडले. पसरले नाही. कडांपर्यंत आलेच नाही. आतून, टेबलाच्या खूप खालून यावा तसा, तापलेल्या लोखंडाला पाणी लागल्यावर येतो तो आवाज आला आणि विरला. लोटा रिकामा झाला. रईस वाकला. तोटीतून काही येत नव्हते. त्याने वर्तमानपत्रावर सगळीकडे हात फिरवला. कागद कोरडा होता.

त्याने खिशातून फोन काढला.

“घातलं, वैनी.”

“घेतलं का?”

रईसने ओठांवरून जीभ फिरवली.

“घेतलं.”

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला, खूप लांबून ओझे आणून खाली ठेवल्यावर सोडतात तसा, आणि फोन बंद झाला.

इसाकभाईंनी हात लांब करून जुना रेडिएटर शोधला, त्याच्यावर तळहात टेकवला आणि मान किंचित कलती करून ऐकत राहिले.

“और एक डाल,” ते म्हणाले. “घाट बडा है.”